गरम पाणी फुकट!

गेल्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाचं पत्र आलं. अक्षर किरटं, पण प्रश्न मोठा. तो लिहितो, ‘ताई, आमच्या वर्गातली दोन मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशात जाऊन आली. माझे बाबा म्हणतात, परदेश म्हणजे पैसेवाल्यांचं काम. खरं का हो?’

आता आली का पंचाईत! ‘मुळीच खरं नाही’ असं ठोकून द्यायला माझं काय जातंय? पण बाबा काही अगदीच चुकीचं बोलत नाहीत. म्हणून मी माळ्यावरची पेटी खाली काढली आणि धूळ झटकून एक निळ्या पुठ्ठ्याची वही शोधली. वहीवर लिहिलंय : ‘चीन. मे-जून २०१०. खर्च.’

ही वही माझी नाही हं. ती आमच्या मुनीमजींची.

आम्ही चौघं होतो. कॉलेजची शेवटची परीक्षा नुकतीच संपली होती. मुनीमजी म्हणजे आमच्यातला हिशेबाचा किडा. पाच पैशांची गोळी घेतली तरी वहीत नोंद. दुसरी बाय. ती मालवणची, बोलायला फटकळ आणि मनाने लोणी. तिसरा लंबू. त्याची उंची सहा फूट दोन इंच, त्यामुळे दुसरं कुठलं नाव त्याला शोभलंच नसतं. आणि चौथी मी. दोन मुलगे, दोन मुली म्हटल्यावर चारही घरांत काय गोंधळ झाला असेल, ते आईबाबांनो तुम्हीच समजून घ्या. तो एक वेगळा लेख होईल!

ठरलं असं : मुंबईहून आगगाडीने कोलकाता आणि तिथून विमानाने चीनमधलं कुनमिंग, कारण हा आम्हाला परवडणारा सगळ्यांत स्वस्त रस्ता होता. पुढे सगळा प्रवास आगगाडीने, एक मोठं वर्तुळ काढून परत कुनमिंग. वीस दिवस. तिकडे जायचं-यायचं भाडं सोडून प्रत्येकाने २००० युआन आणायचे. त्या वर्षी एक युआन साधारण सात रुपयांना पडत होता, म्हणजे चौदा हजार रुपये. दिवसाला १०० युआन. त्यात राहणं, खाणं, गाड्या, तिकिटं सगळं बसवायचं. मी माझे शिकवण्यांचे पैसे साठवले होते, थोडे आजीने दिले. बाकीच्यांनी कुठून आणले ते कुणी कुणाला विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

कोलकात्याहून मध्यरात्री उडालो आणि दोन-अडीच तासांत कुनमिंग! मुंबई ते कोलकाता दीड दिवस आणि देश ओलांडायला एवढासा वेळ. घड्याळ अडीच तास पुढे केलं. चीन एवढा अवाढव्य, पण सगळ्या देशाचं घड्याळ एकच. कुनमिंग आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे, त्यामुळे मे महिन्यातही हवा गारेगार. या गावाला चिनी लोक ‘वसंताचं शहर’ म्हणतात.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. खानावळीत मी ऐटीत ‘थांग’ मागितलं, म्हणजे सूप. बाईंनी आत जाऊन साखरेची वाटी आणली! चिनी भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो. ‘थांग’ सपाट, वरच्या सुरात म्हटलं तर सूप, आणि प्रश्न विचारल्यासारखा सूर वर नेला तर साखर. मी घाबरत घाबरत विचारलं होतं ना! तेव्हापासून मागायचं काम मुनीमजींकडे गेलं. ते शाकाहारी. ‘वो छ्र सू’ म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’ हे वाक्य त्यांनी देवाच्या नावासारखं पाठ केलं होतं. बटाट्याचे लांब बारीक काप करून मिरची आणि व्हिनेगरवर परततात, तो पदार्थ त्यांनी वीस दिवसांत किती वेळा खाल्ला असेल त्याची नोंद वहीत आहे. एकोणतीस.

पण सगळ्यांत मोठा शोध लागला तो स्टेशनवर. चीनमध्ये उकळतं पाणी फुकट मिळतं! स्टेशनांत नळ, प्रत्येक डब्याच्या टोकाला बंब. ‘खाय-श्वेय’ म्हणजे उकळलेलं पाणी. जो तो झाकणाची बाटली घेऊन हिंडतो, तळाशी चहाची चार पानं, वरून पाणी, संपलं की पुन्हा पाणी. शेवयांचा कागदी डबा घ्यायचा, त्यात हेच पाणी ओतायचं, झालं जेवण. लंबूला ही कल्पना फार आवडली. त्याने एक बाटली विकत घेतली. ती पुढे वीस दिवस त्याच्या हातातून सुटली नाही.

चीनच्या गाड्यांत तेव्हा चार प्रकारची तिकिटं असायची. मऊ शय्या, कडक शय्या, मऊ बैठक आणि कडक बैठक. आम्ही कोण, ते सांगायला नको! कडक बैठक. एका बाजूला तिघं, एका बाजूला दोघं, समोरासमोर गुडघ्याला गुडघा, आणि शंभराच्या वर माणसं एका डब्यात. शिवाय पाचवा एक प्रकार होता, ‘बिनबैठकीचं’ तिकीट. पैसे कडक बैठकीइतकेच, बसायला मात्र काही नाही! ते लोक मधल्या वाटेत वर्तमानपत्र अंथरून बसायचे, काही जण तर सरळ बाकांखाली सरकून झोपायचे.

कुनमिंगहून ग्वेलिनला अशाच गाडीने निघालो. समोर एक आजोबा आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची नात. तिने आम्हाला आकडे शिकवले, एका हाताचे! तुम्हीही करून बघा. एक ते पाच आपल्यासारखेच. सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी ताठ, बाकीची बोटं मिटलेली. सात म्हणजे अंगठा आणि पहिली दोन बोटं चिमटीत जुळवायची. आठ म्हणजे अंगठा आणि तर्जनी, पिस्तुलासारखी. नऊ म्हणजे तर्जनीचा आकडा. दहाला मात्र दोन्ही हात लागतात, दोन तर्जनी एकमेकींवर फुलीसारख्या. त्याआधी कुनमिंगच्या बाजारात एका फळवाल्याने मला सहाची खूण केली होती आणि मला वाटलं, तो म्हणतोय ‘फोन कर’! मी फळं न घेताच पळाले होते. त्या पोरीला ही गोष्ट हातवारे करून सांगितली, तर ती इतकी हसली की आजोबांनाही ठसका लागला.

आजोबांनी पिशवीतून काकड्या काढल्या आणि विचारलं, ‘छ्र ल मा?’ म्हणजे ‘जेवलात का?’ आपल्याकडे गावी कुणी भेटलं की कसं विचारतात, तसंच. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. लंबूने काकडी घेतली आणि शेंड्यापासून देठापर्यंत, सालासकट संपवली. मी म्हटलं, ‘अरे, हळू!’ तो हसला आणि पाणी आणायला गेला.

ग्वेलिनला पोचलो तेव्हा धो धो पाऊस. रात्री एका लॉजवर गेलो, तर काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट बघून मान हलवली. परदेशी पाहुणे ठेवण्याची परवानगी त्याच्याकडे नव्हती. दुसरा लॉज, तेच. तिसऱ्यानेही नाहीच म्हटलं, पण छत्री दिली आणि आम्हाला एका होस्टेलपर्यंत पोचवून गेला. सहा खाटांची खोली, एका खाटेला २५ युआन. ग्वेलिनमध्ये तांदळाच्या शेवयांचा वाडगा मिळतो, गरमागरम, वर शेंगदाणे आणि आंबट मुळा. तेव्हा ३ युआनला! आम्ही दोन-दोन वाडगे चापले. लंबू म्हणाला, ‘पोट ठीक नाही.’ आणि बाटलीतलं पाणी प्यायला.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. मी म्हणाले, ‘हिरो डाएटवर आहे वाटतं! परत गेल्यावर सिनेमात घेणार असतील.’ सगळे हसले. तोही हसला. त्याच दुपारी मी ६० युआनचा रेशमी स्कार्फ घेतला होता आणि तो गळ्यात मिरवत मी हे बोलत होते.

ग्वेलिनच्या उत्तरेला, बसने काही तासांवर, लोंगजी नावाची डोंगररांग आहे. लोंगजी म्हणजे ड्रॅगनचा कणा. दोस्तांनो, हे काय दिसतं ते कसं सांगू? अख्खा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत भाताच्या खाचरांनी कोरलेला. पायऱ्यांवर पायऱ्या, शेकडो. हे काम युआन घराण्याच्या काळात म्हणजे सातशेएक वर्षांपूर्वी सुरू झालं आणि पुढे कित्येक पिढ्या चाललं. आम्ही गेलो तेव्हा मे संपत होता. वरच्या जंगलातून पाणी बांबूच्या पन्हळींनी आणि पाटांनी खाली सोडलेलं होतं आणि प्रत्येक खाचरात आभाळ. लावणीची तयारी चालू होती. बाय कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘ह्ये तर आमचाच गाव, फक्त उभो केल्यानी!’

काही खाचरं इतकी अरुंद की रोपांच्या दोन-तीनच ओळी मावतील. तिथे एक गोष्ट सांगतात. एक शेतकरी संध्याकाळी आपली खाचरं मोजत होता. पुन्हा पुन्हा मोजलं तरी एक कमीच. कंटाळून त्याने घरी जायला जमिनीवर ठेवलेलं गवताचं इरलं उचललं, तर हरवलेलं खाचर त्याच्याखाली!

या गावांत जुआंग आणि याओ लोक राहतात. लाकडाची दुमजली-तिमजली घरं, लोखंडी खिळा जवळजवळ नाहीच. आम्ही एका जुआंग आजींच्या घरी उतरलो. परदेशी पाहुण्यांची सवय होती त्यांना. संध्याकाळी चुलीपाशी जेवण मांडलं : बांबूच्या नळीत तांदूळ भरून निखाऱ्यावर भाजलेला भात, अंडं-टोमॅटो, हिरवी भाजी आणि मुनीमजींचे बटाटे. जेवणाचे माणशी १५ युआन.

लंबू म्हणाला, ‘मी नाही जेवत. पोट.’

आजींना ना इंग्रजी येत होतं, ना आमचं तोडकंमोडकं चिनी कळत होतं. त्यांनी लंबूकडे बघितलं. त्याने पोटावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. आजी उठल्या. थोड्या वेळाने मोठा वाडगा घेऊन आल्या. त्यात काय असेल? तांदळाची पातळ पेज! सोबत खारवलेल्या मुळ्याच्या फोडी. आजारी माणसाला पेज द्यायची हे जगातल्या सगळ्या भातखाऊ आज्यांना कोण शिकवतं कोण जाणे. आणि खुणेने सांगितलं, याचे पैसे नाहीत.

लंबूने वाडगा तोंडाला लावला. संपवला. आजींनी पुन्हा भरला. तोही संपला. तिसरा भरला. आमच्या चॉपस्टिक हातात तशाच राहिल्या.

बाय हळूच म्हणाली, ‘पोट बिघडलेलो माणूस तीन वाडगे पेज नाय जेवत रे.’

कुणी काही बोललं नाही. मुनीमजींनी वही उघडली. प्रत्येकाच्या नावाचा एक रकाना, रोजचा खर्च. लंबूच्या रकान्यात जेवणाखाली लिहिलेलं होतं : पाव १, पाव १, शून्य, काकडी (आजोबांची) शून्य, गरम पाणी शून्य, गरम पाणी शून्य. पाच दिवस मुनीमजींनी हे सगळं नीट, रेघा आखून लिहिलं होतं. एकदाही वाचलं नव्हतं.

लंबू उठून बाहेर गेला. आम्ही मागोमाग. अंधारात पाटाच्या पाण्याचा आवाज आणि बेडूक. मग भांडण झालं. अगदी खरंखुरं! घरी ऐनवेळी बहिणीच्या फीचे पैसे भरावे लागले, त्यामुळे त्याच्याकडे २००० युआन नव्हतेच. विमानाचं तिकीट आधीच काढलेलं. रद्द केलं असतं तर तेही पैसे गेले असते. ‘मग सांगितलं का नाहीस?’ मी ओरडले. ‘सांगून काय झालं असतं? तुम्ही मला पोसलं असतंत. मला भीक नकोय.’ ‘भीक कोण म्हणालं?’ ‘हिरो डाएटवर आहे, असं म्हणालीस ती तूच ना?’

माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

मुनीमजी म्हणाले, उसने घे, घरी गेल्यावर दे. लंबू म्हणाला, नोकरी लागेपर्यंत कुठून देऊ? मी म्हणाले, स्कार्फ परत करते. तर मुनीमजी म्हणाले, विकलेला माल परत घेत नाहीत. मग मला रडू आलं आणि बायने सगळ्यांना गप्प केलं. तिने आपली कापडी थैली रिकामी केली आणि म्हणाली, ‘आता प्रत्येकान आत जायचा. गोधडीखाली ही थैली ठेवतंय. ज्याच्याकडे जेवढे आसत तेवढे सगळे तिच्यात घालायचे आणि येयाचा. कोणी कोणाचे मोजूचे नाय. उद्यापासून खर्च थैलीतून.’

लंबू बराच वेळ तसाच उभा होता. मग म्हणाला, ‘एका अटीवर. गाडीत रात्री सामान मी राखणार. रोज. आणि कुणी उपकाराचं बोलायचं नाही.’

एकेक करून आत जाऊन आलो. थैलीत निघाले ४,७३० युआन. आता, ज्यांचं गणित बरं आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल, की आमच्या तिघांचे खर्च वहीत होते, म्हणजे उरलेले वजा करून लंबूचे किती ते सहज काढता आलं असतं. मुनीमजींना वजाबाकी उत्तम येत होती. त्यांनी ती केली नाही. मीही आजपर्यंत केलेली नाही, वही माझ्यासमोर उघडी आहे तरी.

उरलेले दिवस चौदा. माणशी दिवसाला ८४ युआन, गाडीभाडं धरून. म्हणजे शंभराचा बेत गेला चौऱ्याऐंशीवर! पण चौघंही जेवायला लागलो.

लोंगजीहून खाली आलो आणि ली नदीच्या काठी शिंगपिंगला गेलो. चीनची २० युआनची नोट बघितलीये का कुणी? तिच्या पाठीवर एक चित्र आहे : शांत नदी, बांबूचा तराफा आणि मागे शंकूसारखे सुटे डोंगर. ते डोंगर शिंगपिंगचे! चुनखडीचा दगड लक्षावधी वर्षं पावसाने विरघळत गेला आणि असे सुळके उरले. तिथे येणारा प्रत्येक माणूस खिशातून विसाची नोट काढतो आणि डोळ्यांसमोर धरून डोंगराशी जुळवतो. बायने थैलीतून एक नोट काढून लंबूला दिली. त्याची उंची कामाला आली, गर्दीच्या डोक्यांवरून त्याला सगळं दिसत होतं. नोटेतला डोंगर आणि खरा डोंगर तो कितीतरी वेळ जुळवत राहिला.

नंतरची गाडी ग्वेलिन ते शीआन. सत्तावीस तास! कडक बैठक. रात्री लंबू सामान राखत बसला. पहाटे त्याला झोप अनावर झाली तेव्हा मुनीमजींनी पाळी घेतली आणि तो वर्तमानपत्र टाकून बाकाखाली सरकला. अर्धाच मावला. गुडघ्यांपासून पुढचे पाय मधल्या वाटेत. मोजे, दात घासायचे ब्रश आणि लुकलुकणारे भोवरे विकणारी ढकलगाडी दर तासाला यायची, दर वेळी विकणारा तिथे थांबून काहीतरी जोरात म्हणायचा, आसपासचे लोक हसायचे, आणि लंबू झोपेतच पाय आत घ्यायचा. दुपारपर्यंत अख्ख्या डब्याला आम्ही माहीत झालो होतो. सूर्यफुलाच्या बिया तर इतक्या मिळाल्या, की दोन दिवस ओठ खारट.

शीआनमध्ये जमिनीखालची मातीची फौज बघायची की नाही यावर बैठक बसली. तिकीट ९० युआन, चौघांचे ३६०. म्हणजे चौघांचा एक दिवस गेला! मुनीमजी ठाम नाही म्हणत होते. शेवटी मतं घेतली, तीन विरुद्ध एक, गेलो. १९७४ साली दुष्काळात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांच्या फावड्याला मातीचं एक डोकं लागलं आणि त्यातून दोन हजार वर्षांपूर्वीच्या सम्राटाची ही फौज सापडली. हजारो सैनिक, चेहरे वेगवेगळे. मुनीमजी सगळ्यांत शेवटी बाहेर आले. म्हणाले, ‘वसूल.’ त्यांच्या तोंडी यापेक्षा मोठी स्तुती नाही.

शीआनला मोठ्या रानहंसाचा पॅगोडा आहे. तो ६५२ साली बांधला, भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी. आणणारा कोण? आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग, ज्याला आता युआन श्वांग लिहितात. तो ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता. इथल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय, की हे लोक उपकार करणाऱ्याचे उपकार मानतात आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. मी हे तिथे सांगितलं मात्र, लंबू माझ्याकडे वळून म्हणाला, ‘ऐकलंस? तेराशे वर्षांपूर्वीची नोंद आहे. डाएटवाला हिरो!’ त्या दिवशी भांडण खऱ्या अर्थाने मिटलं.

चेंगदूबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे आम्ही मुख्यतः खाल्लं. तिथल्या रश्श्यात मिरीएवढं एक फळ असतं. दाताखाली आलं की जीभ मुंग्या आल्यासारखी झिणझिणते. आम्ही तिघं पाणी पाणी करत होतो, बाय मात्र खुशीत. ‘अरे, ही तर तिरफळा!’ आणि खरंच की. कोकणात बांगड्याच्या आमटीत घालतात ती तिरफळं आणि चेंगदूची ती ‘ह्वाज्याओ’, एकाच कुळातली भावंडं. त्या रात्री तिने आईला फोन केला, तो पंधरा मिनिटं फक्त तिरफळांवर चालला. थैलीला तो फोन बराच महाग पडला.

शेवटची गाडी चेंगदू ते कुनमिंग. १९७० साली सुरू झालेला हा रेल्वेमार्ग साधारण ११०० किलोमीटरचा आहे आणि त्यावर चारशेहून जास्त बोगदे आहेत. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर आहेत, त्यावरून अंदाज करा! उजेड-काळोख, उजेड-काळोख. पुस्तक वाचायची सोय नाही. लंबू आणि एक शाळकरी मुलगा उजेडाच्या तेवढ्या तुकड्यांत पत्ते खेळत होते आणि बोगदा आला की एकमेकांचे पत्ते चोरत होते.

आता बाबांसाठी थोडं. हे सगळं २०१० सालचं आहे. आज हे दर मुळीच धरू नका. शीआन ते चेंगदू आम्हाला सोळा तास लागले होते. डिसेंबर २०१७ मध्ये तिथे वेगवान रेल्वे सुरू झाली आणि हे अंतर चार तासांच्या आत आलं. २०११ पासून तिकिटाला पासपोर्टही दाखवावा लागतो, आणि फळवालासुद्धा आता नोटेऐवजी मोबाइलवरून पैसे घेतो. आपल्याला व्हिसा तेव्हाही लागत होता, आताही लागतो. २०२० मध्ये बंद पडलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, पहिलं कोलकात्याहूनच उडालं. डब्यातला गरम पाण्याचा बंब मात्र वेगवान गाडीतही आहे.

वहीचं शेवटचं पान. मुनीमजींच्या अक्षरात : ‘कुनमिंग. शिल्लक ५१ युआन. चौघांनी मिळून जेवण केले, ५१. शिल्लक ०. कोणाचे कोणाला देणे नाही.’ त्याच्या खाली पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात : ‘२० ची एक नोट माझ्याकडे राहिली आहे. शिंगपिंगची. मी देणार नाही. —लंबू.’

अजून दिलेली नाही. त्याच्या घरी कपाटाच्या काचेला आतून चिकटवलेली आहे, मागची बाजू समोर करून.

तर सातवीतल्या दोस्ता, तुझ्या बाबांना दाखवायची असतील तर वहीच्या पानांच्या झेरॉक्स पाठवते. अकराव्या पानावर जो चहाचा डाग आहे, तो माझा.